फ्लॅट कॉटबेसिसवर देताय? मग आधी लाईटची ही कामं करून घ्या

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, धनकवडी, वाकड, कुठंही बघा, जुना टू-बीएचके असला की त्यात सहा-आठ कॉट टाकायच्या आणि मुलं नाहीतर मुली ठेवायच्या हे आता नेहमीचंच झालंय. त्याला काही हरकत नाही, बाहेरगावहून शिकायला, नोकरीला आलेल्यांची सोय होते. पण मी वायरिंगच्या कामातला माणूस आहे, अशा फ्लॅटमध्ये कामाला गेलो की पहिल्यांदा डीबीचं, म्हणजे घरातल्या सगळ्या लाईन जिथून फुटतात त्या मेन बॉक्सचं, झाकण उघडतो आणि बऱ्याच ठिकाणी आत जे दिसतं ते बघून खरंच काळजी वाटते, म्हणून हे घरमालकांसाठी लिहितोय. रंग, गाद्या, वायफाय, कॅमेरे सगळ्यावर खर्च झालेला असतो आणि लाईटचं काम मात्र बिल्डरनं ताबा देताना करून दिलं होतं तेच.

कुटुंबाच्या घरात कुणीतरी एक जण असतो ज्याला माहीत असतं की बाथरूमचा बोर्ड गरम होतो, हॉलमधल्या त्या प्लगला हात लावायचा नाही. कॉटबेसिसमध्ये असं कुणीच नसतं. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं मालकाला सांगितलं असेल, आणि दर दोन-चार महिन्यांनी एखादा सोडून जातो, नवीन येतो, त्याला तर काहीच ठाऊक नसतं. त्यामुळं लक्ष ठेवायचं काम शेवटी मालकाचंच. कायद्याच्या बाजूनं बघितलं तरी मीटरपर्यंतची लाईन वीज कंपनीची, मीटरच्या पुढची सगळी वायरिंग ग्राहकाची, आणि बिलावर ग्राहक म्हणून नाव तुमचंच असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये जागा राहण्यालायक दुरुस्त ठेवायचं कर्तव्य मालकावर टाकलंय. आणि निष्काळजीपणामुळं कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण "ते त्यांचं ते बघतील" असं म्हणून सुटका होत नाही एवढं डोक्यात ठेवा.

आधी लोडचा हिशोब

कागद-पेन घेऊन बसा. दोन बाथरूममध्ये दोन गिझर, प्रत्येकी २००० वॅट, म्हणजे ४०००. किचनमध्ये इंडक्शन २०००. कुणीतरी इस्त्री लावली १०००. वॉशिंग मशीन ५०० धरा. आणि एकानं गुपचूप आणलेला पाणी तापवायचा रॉड १५००. झाले ९००० वॅट, २३० व्होल्टला हा जवळजवळ ३९ अँपिअर करंट होतो, आणि यात अजून फ्रीज, पंखे, लॅपटॉप, एसी काहीच धरलं नाहीये. महाराष्ट्रात सिंगल फेज कनेक्शन ४० अँपिअरपर्यंतच मिळतं. सकाळी सात ते नऊ सगळ्यांना एकदमच आवरायचं असतं, कॉलेज-कंपनीची वेळ एकच, म्हणून हा लोड नुसता कागदावरचा नाही, तो रोज खरोखर येतो.

आता लाईट बिल काढा आणि त्यावर "मंजूर भार" किती छापलाय ते बघा. जुन्या फ्लॅटला दोन-तीन किलोवॅटच असतो बऱ्याचदा. तो वाढवून घ्या. महावितरणकडं अर्ज ऑनलाईन होतो, मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा जे असेल त्यांच्याकडं करायचा, लोड जास्तच निघत असेल तर थ्री फेज मागायचा. आणि जाता जाता सेक्शन ऑफिसात हेही विचारून घ्या की तुमच्या वापराला कुठला दर लागू होतो, कारण मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणाला वीज वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते.

भार मंजूर झाला म्हणजे आतली वायर जाड झाली असं मात्र नाही. लाईट-पंख्याला दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) वायर, १६ अँपिअरच्या प्लगला कमीत कमी अडीचची, गिझर आणि एसीला चारची आणि तीही थेट डीबीपासून वेगळी, हा साधारण हिशोब. जुन्या घरांत काय झालेलं असतं, की खोलीत पंख्यासाठी आलेल्या दीडच्या वायरवरूनच कुणीतरी पुढं १६ अँपिअरचा सॉकेट काढून दिलेला असतो. मग एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा डीबीतला स्विच, सारखी पडते, पोरं फोन करतात, मालक कोपऱ्यावरच्या माणसाला पाठवतो आणि तो १६ ची एमसीबी काढून ३२ ची टाकून जातो. एमसीबी पडायची बंद. सगळे खूश. पण आता जास्त करंट गेला तर एमसीबी पडणारच नाही, भिंतीतली वायर तापत राहणार, आणि गादी-पडद्याजवळ कुठंतरी तिचं इन्सुलेशन वितळणार. एमसीबीचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो, पोरांच्या तक्रारीवरून नाही. कुणी इलेक्ट्रिशियन वायर न बघता मोठी एमसीबी टाकायला निघाला तर त्याला तिथंच थांबवा.

आरसीसीबी आणि अर्थिंग, इथं पैसे वाचवू नका

एवढं सगळं वाचून एकच काम करणार असाल तर हे करा.

एमसीबी असली म्हणजे शॉक लागणार नाही असा खूप जणांचा समज आहे, तो चुकीचा आहे. एमसीबी वायर वाचवते. माणसाच्या अंगातून एक दशांश अँपिअर करंट गेला तरी जीव जाऊ शकतो आणि ६ अँपिअरच्या एमसीबीला तेवढ्यानं काहीच कळत नाही, ती तशीच चालू राहते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला की नाही हे ती बघत असते, मध्येच कुठं गळती झाली, गिझरच्या बॉडीतून किंवा माणसातून, की क्षणात लाईन तोडते. घरासाठी ३० मिलीअँपिअरचीच घ्यायची. दुकानात १०० आणि ३०० मिलीअँपिअरच्या पण मिळतात, दिसायला तशाच, त्या या कामाच्या नाहीत, घेताना आकडा स्वतः वाचा. साधारण दोन-तीन हजारांच्या घरात येते, म्हणजे बऱ्याच ठिकाणी एका कॉटच्या महिन्याच्या भाड्याइतकीसुद्धा नाही.

सगळ्या घराला एकच आरसीसीबी लावली तर एका गिझरच्या गळतीनं अख्खा फ्लॅट अंधारात जातो आणि मग परीक्षेच्या रात्री पोरं कुणालातरी बोलवून ती "डायरेक्ट" करून घेतात, म्हणजे बायपास. हे मी फार ठिकाणी बघितलंय. म्हणून जमत असेल तर दोन लावा, एक बाथरूम-किचनची आणि एक बाकी खोल्यांची. किंवा प्रत्येक गिझरला वेगळी आरसीबीओ, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र येतं. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर ती बदलायची, त्यात दुसरा विचार नाही.

इन्व्हर्टर असेल तर आणखी एक गोष्ट. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या लाईनकडं मेन आरसीसीबीचं लक्ष नसतं, तिच्यासाठी इन्व्हर्टरच्या पुढं वेगळी लावून घ्यावी लागते. आणि मेन स्विच बंद केला म्हणजे घर मेलं असं समजून कुणी बल्बच्या होल्डरमध्ये हात घालतो, तिकडं इन्व्हर्टरवरून फेज चालूच असतो. डीबीवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, "इन्व्हर्टर पण बंद करा".

अर्थिंगचं सांगायचं तर तीन पिनचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहे असं बिलकुल नाही. वरच्या जाड भोकात वायरच नसते कधी, किंवा वायर असते पण खाली अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत कधी पोचलेलीच नसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्थिंगच्या पिनला न्यूट्रलचा तुकडा जोडून ठेवलेला. टेस्टरवाल्याला सगळं बरोबर वाटतं, पण ज्या दिवशी मागं न्यूट्रल सुटतो त्या दिवशी फ्रीज, वॉशिंग मशीन, गिझर सगळ्यांच्या पत्र्यात फेज येतो. असा जोड सापडला तर त्याच दिवशी काढायचा. सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा कुठं आहे, शेवटचं कधी मोजलंय हे सेक्रेटरींना विचारा, बऱ्याच जुन्या सोसायट्यांत त्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि कुणालाच जागा सांगता येत नाही. तुमच्या एकट्याच्या फ्लॅटमध्ये कितीही नवीन वायर ओढली तरी खाली अर्थिंग मेलेलं असेल तर अर्धंच काम झालं, त्यामुळं मीटिंगमध्ये हा विषय लावून धरा.

गिझर, आणि तो रॉड

बहुतेक मालकांचा नियम असतो, रॉड वापरायचा नाही. बरोबर नियम आहे. पण त्याच घरात गिझर सकाळी सहा ते सात एवढाच चालू, मेन स्विच मालकाच्या ताब्यात, आणि राहणारी माणसं आठ. मग आठव्याला थंड पाणी. डिसेंबरात तो काय करणार, बाजारातून दोन-तीनशेचा बिनशिक्क्याचा रॉड आणणार, बादलीत टाकणार, बेडरूमच्या ६ अँपिअरच्या प्लगला लावणार आणि पाणी तापलं का म्हणून चालू रॉडच्या बादलीत बोट घालून बघणार. रॉडचा धोका तुम्हाला खरंच काढायचा असेल तर गरम पाणी पुरेल एवढं द्या, दोन बाथरूम असतील तर दोन नीट गिझर, सोलर असेल तर त्याला जोड, आणि वाटलं तर त्याचे पन्नास-शंभर रुपये भाड्यात धरा. नुसती पाटी लावून रॉड बंद होत नाही.

गिझर आयएसआय मार्कचाच, डीपी स्विचवर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात असा. स्विच शक्यतो बाथरूमच्या बाहेर. गिझरची वायर मध्ये टेप लावून जोडलेली नको. खाऱ्या पाण्याच्या भागात, बोअरवेलवरच्या सोसायट्यांत, कॉइल लवकर खराब होते, तिला चीर पडली की पाण्यात करंट उतरतो. वर्षातून एकदा खोलून बघा. राहणाऱ्यांना एवढं सांगा की पाणी तापलं की स्विच बंद करून मगच अंघोळ करायची.

आणि "नळाला झिणझिण्या येतात" असा मेसेज ग्रुपवर आला तर तो सगळ्यात तातडीचा मेसेज समजा. "रविवारी माणूस पाठवतो" असं उत्तर देऊ नका. लगेच फोन करून गिझरची एमसीबी खाली पाडायला सांगा, गिझर वापरायचा बंद, आणि त्याच दिवशी माणूस. तसंच सॉकेट काळा पडला, जळाल्याचा वास येतोय, दिवे मध्येच एकदम प्रखर होतात आणि मध्येच मंद. हे शेवटचं न्यूट्रल ढिला असल्याचं लक्षण आहे, थ्री फेजच्या बिल्डिंगमध्ये न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास येऊ शकतात आणि त्यात चार्जर, टीव्ही, फ्रीज सगळं जळतं. घरातल्या डीबीत जोड नीट असतील आणि तरी असं होत असेल तर महावितरणला १९१२ वर तक्रार टाका.

प्रत्येक कॉटला प्लग

याच्याकडं कुणी फारसं बघत नाही. एका खोलीत चार कॉट आणि प्लग एकच, मग चार मोबाईल, चार लॅपटॉप, एक एक्स्टेन्शन, त्याला दुसरं एक्स्टेन्शन, आणि वायर गादीखालून. झोपेत चार्जर पांघरुणात. प्रत्येक कॉटच्या डोक्याशी दोन-दोन सॉकेट भिंतीवर काढून द्या, केसिंग-पट्टीत काढलं तरी चालेल, भिंत फोडायची पण गरज नाही. दुमजली लोखंडी कॉट असतील तर त्यांच्या पायाखाली किंवा सांध्यात वायर चेपत नाही ना ते बघा. इस्त्रीसाठी एक जागा ठरवून तिथं १६ अँपिअरचा वेगळा प्लग द्या, म्हणजे खोलीखोलीत इस्त्री फिरत नाही.

कपडे वाळत घालायला बाल्कनीत लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधा. पावसाळ्यात या तारेला कुठंतरी घासलेली वायर लागून ओले कपडे टाकताना माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी गावोगावी येतात. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचा प्लग पावसाच्या झडीत येत असेल तर तो आत घ्या किंवा झाकणाचा बसवा. जूनच्या आधी एकदा ओल आलेल्या भिंतींवरचे बोर्ड बघून घ्या.

डीबी कुलपात नको

तीन खोल्यांपैकी एक मालकानं सामान ठेवायला कुलूप लावून ठेवलेली आणि डीबी नेमकी त्याच खोलीत. असे फ्लॅट खरंच आहेत. आत कुणाला शॉक लागला तर मेन बंद करायला जाणार कुठं? डीबीपर्यंत घरातल्या प्रत्येकाला, रात्री अंधारातसुद्धा, पोचता आलं पाहिजे. प्रत्येक एमसीबीखाली लिहा कुठली कशाची, मराठी आणि हिंदी-इंग्रजी दोन्हीत लिहा, तुमच्याकडं नांदेडचा पोरगा असतो तसा पाटण्याचा आणि केरळचा पण असतो. नवीन माणूस आला की डिपॉझिट घ्यायच्या वेळेला दोन मिनिटं त्याला डीबीसमोर उभं करा, मेन स्विच त्याच्या हातानं एकदा बंद-चालू करायला लावा. जुन्यांनी सांगितलं असेल असं धरून चालू नका.

भाडं थकलं म्हणून लाईट तोडणं हाही प्रकार चालतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये मालकानं वीज-पाण्यासारख्या गरजेच्या सोयी तोडायला मनाई आहे. आणि धोक्याच्या दृष्टीनं सांगतो, लाईट तोडली की दोन तासांत शेजारून, जिन्यातून कुठून तरी वायर ओढली जाते, उघड्या टोकांनी प्लगमध्ये खुपसलेली. भाड्याचं भांडण वेगळं सोडवा.

तपासणी लेखी करून घ्या

काम करणारा माणूस परवानाधारक पाहिजे. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून ठेकेदाराला, सुपरवायझरला आणि तारतंत्रीला (वायरमनला) परवाने मिळतात, नंबर मागा, कुणी खरा असेल तर तो रागवत नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं वेगळं, पण नवीन वायरिंग, डीबी, वाढीव लाईन ही कामं परवानाधारकाकडूनच करायची असतात. त्याच्याकडून लेटरहेडवर रिपोर्ट घ्या आणि त्यात आकडे पाहिजेत, नुसतं "सर्व ठीक" नको. मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावून इन्सुलेशन किती आलं, ५०० व्होल्टला १ मेगओहमपेक्षा खाली येता कामा नये, अर्थिंग किती, आरसीसीबी किती मिलीअँपिअरला पडली, कुठल्या लाईनला कुठली वायर आणि किती अँपिअरची एमसीबी.

इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी भाड्यानं दिलेल्या घरांची अशी तपासणी कमीत कमी दर पाच वर्षांनी सक्तीची केली, रिपोर्टची प्रत भाडेकरूला २८ दिवसांत द्यावी लागते आणि नवीन भाडेकरूला तर राहायला यायच्या आधीच. आपल्याकडं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत, पण कॉटबेसिसच्या फ्लॅटचं दार वाजवून रिपोर्ट मागणारं कुणी येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की इथं पाच वर्षं फार होतात, माणसं एवढी बदलतात आणि लोड एवढा वाढतो, की पूर्ण तपासणी दोन वर्षांनी आणि वरवरची दरवर्षी मेमध्ये, कॉलेजची नवीन बॅच यायच्या आधी, खोल्या रिकाम्या असतात तेव्हा करावी. रिपोर्टची प्रत राहणाऱ्यांच्या ग्रुपवर टाका.

करारातही दोन ओळी घाला. भिंतीतली वायरिंग, डीबी, अर्थिंग, आणि तुम्ही दिलेली उपकरणं यांचा खर्च तुमचा, बल्ब-ट्यूब राहणाऱ्यांचे, आणि तक्रार केली म्हणून डिपॉझिटमधून काही कापणार नाही. ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे, कारण "आमच्यावरच खर्च टाकतील" या भीतीनं पोरं जळालेला सॉकेट टेप लावून लपवतात.

शॉक लागलाच तर

हे कागदावर छापून दाराच्या आतल्या बाजूला लावा. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन बंद, इन्व्हर्टर पण. मेन लगेच सापडत नसेल तर कोरडं लाकूड किंवा प्लास्टिकची खुर्ची वापरून त्याला वायरपासून ढकलायचं, स्वतः कोरड्या जागेवर उभं राहून. १०८ ला फोन. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाबत राहायचं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. उठून बसला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच, हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात. आग लागली असेल तर लाईट बंद झाल्याशिवाय पाणी मारायचं नाही, दाराजवळ आग विझवायचं एक एबीसी पावडरचं सिलिंडर ठेवा आणि त्याची तारीख बघत जा.

कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणं विद्युत निरीक्षकांना कळवायचं असतं, पोलिसांना आणि वीज कंपनीला पण कळवा. ते येऊन बघेपर्यंत तो गिझर, तो बोर्ड, ती वायर जशी आहे तशी राहू द्या, बाकीच्या राहणाऱ्यांची सोय दुसरीकडं करा आणि ती लाईन तपासून झाल्याशिवाय परत चालू करू नका.